आवरलं का?

शेजारची चौथीतली पोर शनिवारी सकाळी सात वाजता वही घेऊन दारात उभी. "आजोबा, प्रिपेअरचा अपोझिट काय?"

माझ्या एकाच गालाला साबण लागला होता. पण इंग्रजीचा प्रश्न दारात आला की मी दुसऱ्या गालाची पर्वा करत नाही. गिरगावच्या चाळीत राहायचो तेव्हा तर एका स्पेलिंगपायी मी संडासच्या रांगेतला तिसरा नंबर सोडला होता. चाळीस वर्षं मी मिक्सर, गीझर, इस्त्री आणि प्रेशर कुकर यांच्या खोक्यात जी घडी घातलेली पत्रकं असतात, त्यांचं इंग्रजीतून मराठी केलं. 'उपकरण ओल्या हातांनी हाताळू नये' हे माझं वाक्य. लोक ते न वाचता ओल्या हातांनीच उपकरण हाताळतात, हा भाग वेगळा.

"अनप्रिपेअर," मी म्हणालो.

"असा शब्द असतो?"

"असतो म्हणजे? लॉक-अनलॉक, टाय-अनटाय, प्रिपेअर-अनप्रिपेअर. लिही."

तिने लिहिलं. आतून आईचा आवाज आला, "अरे, आवरलं का तुझं? बाजारात कधी जाणार?" माझी आई चौऱ्याऐंशीची आहे. तिच्या तोंडी दिवसातून वीसदा 'आवरलं का' असतं, त्यामुळे तिकडे माझं लक्ष नव्हतं. नसावं, हेच दैव. बाहेर मी ज्याच्यासाठी नवा शब्द पाडत होतो, त्याचं उत्तर आतून आपण होऊन आलं होतं.

आमची गिरगावातली इमारत डेव्हलपमेंटला गेल्यापासून आम्ही परळला भाड्याने राहतो. खिडकीतून एका बंद गिरणीची चिमणी दिसते, आणि तिच्या चौपट उंचीचे, काचा लावलेले टॉवर. त्या रविवारी आमच्या मुलाचे होणारे सासू-सासरे जेवायला यायचे होते. मुलगी मस्कतला वाढलेली, शिक्षण सगळं इंग्रजीतून. पाहुणे येणार म्हटल्यावर बायकोने सुरमईचं कालवण, सोलकढी आणि शेवयांची खीर असा शहाणा बेत सांगितला. मी म्हणालो, "त्यांना आपलं नेहमीचं काय घालायचं? मासळी आणि गोडाचं मी बघतो. इंग्रजी पद्धतीचं."

बायकोने एरवी मला तिथेच थांबवलं असतं. पण ते दिवस मसाल्याचे होते. एप्रिलचं ऊन पडलं की गिरणगावातल्या बायकांना लालबाग बोलावतं. बायको आणि मेहुणी शनिवारी सकाळीच मसाला गल्लीत निघाल्या होत्या. बेडगी रंगाला, लवंगी तिखटाला, संकेश्वरी दोन्हीला. मग धणे, खडा मसाला, ते सगळं भाजून घेणं, कांडपापाशी नंबर लावणं आणि आपला मसाला दुसरीच्या पिशवीत जात नाही ना यावर डोळ्यांत पाणी आणून पहारा देणं. हे पाणी मायेचं नसतं, मिरचीच्या खकाण्याचं असतं. अशा मोहिमेवर निघालेली बाई नवऱ्याशी वाद घालत बसत नाही. "करा काय करायचं ते," एवढं म्हणून ती गेली. संसारात या चार शब्दांना परवानगी समजणारा माणूस एकतर नवखा असतो किंवा इंग्रजी जाणणारा.

माझा सगळा भरवसा एका पुस्तकावर होता. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर साठ रुपयांना घेतलेलं, लंडनमध्ये छापलेलं, कव्हर गेलेलं पाककृतींचं पुस्तक. त्यातला खजूर-अक्रोडाचा केक आणि 'गुंडाळलेला चपटा मासा' मी निवडला. साहित्याची यादी वाचताना मला तर्खडकर आठवले. वडिलांनी माझ्याकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून घेतली होती, त्यामुळे इंग्रजी वाक्य दिसलं की मी आधी त्याचा नियम शोधतो. इथेही मला तो सापडला. सॉल्टेड म्हणजे मीठ लावलेले. बटर्ड म्हणजे लोणी लावलेले. शुगर्ड म्हणजे साखर घातलेले. नामाला 'एड' लागलं की ती वस्तू पदार्थात आहे असं समजावं. नियम इतका सुबक होता की तो खरा आहे का, हे पाहण्याची गरजच वाटली नाही.

तेव्हा यादीचं मराठी असं झालं. स्टोन्ड डेट्स: बियांसकट खजूर. सीडेड रेझिन्स: बिया असलेल्या मनुका. शेल्ड वॉलनट्स: कवचासकट अक्रोड.

दादरच्या सुक्या मेव्याच्या दुकानात मी ही यादी ठेवली. दुकानदार म्हणाला, "केकला ना? मग बिनबियांचा खजूर न्या, साहेब. आणि बेदाणे न्या."

"बिया पाहिजेत," मी म्हणालो.

"केकला?"

"रेसिपीत स्पष्ट आहे."

बेदाणा हा शब्द मुळात फारसीतला, बे-दाणा, म्हणजे ज्यात दाणा नाही तो. हे मला माहीत होतं आणि मी ते त्याला सांगितलंही. जो माणूस दुकानदाराला त्याच्याच मालाची व्युत्पत्ती सांगतो आणि तरी चुकीचा माल घेऊन घरी जातो, त्याला विद्वान म्हणतात. दुकानदाराने काळ्या मनुका तोलल्या आणि पोऱ्याकडे असं पाहिलं की पोऱ्या पोत्यामागे हसायला गेला.

घरी येऊन मी अक्रोड दाराच्या बिजागरीत धरून फोडले. 'कवचासकट' म्हणजे कवच केकमध्ये घालायचं नसणार, एवढा विवेक माझ्यात शिल्लक होता. घरातच फोडलेला अक्रोड ताजा लागतो, म्हणून ते तसे मागवले असावेत असा मी अर्थ लावला. बिजागरीने अक्रोड, कवच आणि दाराचा जुना रंग यांचा एकजीव चुरा केला. मी तो जमेल तसा निवडला. खजुराच्या बिया मात्र ठेवल्या, त्या तर लेखी मागितलेल्या होत्या.

मग भांड्याची ओळ आली. 'ग्रीज अँड डस्ट द टिन.' ग्रीज म्हणजे लोणी लावणे. ते मी बोटाने कडेकडेपर्यंत लावलं. डस्ट म्हणजे? डस्टर शाळेत पाहिलेलं. डस्टिंग दर दिवाळीला करतो. तेव्हा डस्ट म्हणजे पुसून काढणे. लोणी लावून लगेच पुसायचं हे मला जरा विचित्र वाटलं, पण इंग्रज लोक आंघोळही टबात बसून करतात. मी स्वच्छ पंचा घेतला आणि भांडं चकचकीत पुसलं. आई खुर्चीतून बघत होती. "लावलंस कशाला आणि पुसलंस कशाला?" तिने विचारलं.

"तसं लिहिलंय," मी म्हणालो.

केक रंगाने सुरेख झाला. भांड्यातून मात्र तो निघेना. मी उलथनं घातलं, सुरी फिरवली, भांडं पालथं घालून पाठीवर थापट्या मारल्या. शेवटी कोपऱ्याकोपऱ्याने उत्खनन करावं लागलं. सापडलेले अवशेष मी ताटलीत जोडून ठेवले आणि वरून पिठीसाखर भुरभुरली. पुस्तकात यालाही डस्टच म्हटलं होतं. दहा ओळींच्या अंतरावर एकच शब्द एकदा पुसायला सांगतो आणि एकदा भुरभुरायला, हे पाहून मी थबकायला हवं होतं. मी म्हणालो, छपाईची चूक असेल. आयुष्यभर मजकूर तपासून पोट भरलेल्या माणसाला जगातल्या सगळ्या चुका छपाईच्या वाटतात.

रविवारी पहाटे मी सिटीलाइटच्या बाजारात गेलो. नेहमीच्या कोळणीने चार पापलेटं पुढे केली. डोळे स्वच्छ, कल्ले लाल. पुस्तकात मासा 'स्केल्ड, क्लीन्ड अँड बोन्ड' हवा होता.

"ही वजन करून दे," मी म्हणालो. स्केल म्हणजे तराजू.

"वजन? दादा, मी मासळी विकते का सोनं? पापलेट नगावर असतंय."

"वजन करायलाच लागेल. स्केल्ड पाहिजे."

तिने पलीकडच्या कोंबडीवाल्याचा काटा आणून माझ्या समाधानासाठी पापलेटं तोलली. मग तिने कोयता उचलला. "कसं करू? तुकड्या? भरायला चीर देऊ? मधला काटा काढू?"

"नाही! काटा राहू दे. बोन्ड लिहिलंय."

"करणार काय त्याचं?"

"आत चटणी भरून गुंडाळणार."

कोयता हवेतच थांबला. "काटा ठेवून गुंडाळणार?" तिने शेजारणीला कोपराने ढोसलं. "अगं ए, दादा पापलेटाची वळकटी करतायत, काट्यासकट!" रविवारच्या सकाळी अख्ख्या बाजाराला मी फुकटात करमणूक पुरवली, तरी पापलेटाच्या भावात दहा रुपयेही सुटले नाहीत.

कोळणीचं म्हणणं मला घरी पटलं. पापलेट हा ताठ कण्याचा मासा आहे. मी त्याला वाकवला, तो उलगडला. मी आईच्या गोधडीच्या दोऱ्याने बांधला, तव्यात त्याने दोरा तोडला. शेवटी मी दोन्ही हातांनी दाबून त्याची गुंडाळी केली, तेव्हा आतून 'कट्कट्' असा आवाज आला. काटा नमला असं मी समजलो. तो नमला नव्हता, त्याचे तुकडे झाले होते. अख्खा काटा ताटाच्या कडेला काढून ठेवता येतो, आणि मुंबईतलं पोरगं ते दुधाचे दात पडायच्या आधी शिकतं. तुकडे झालेला काटा चटणीत लपून बसतो. चार निरुपद्रवी मासे मी स्वहस्ते चार सापळे करून ठेवले होते.

पाहुणे साडेबाराला आले. व्याही मनमोकळे. विहीणबाई नायगावच्या, चेहरा हसरा. होणारी सून आल्याआल्या आईच्या पाया पडली आणि स्वयंपाकघरात मदतीला गेली. आत बायकोची धांदल चाललेली. "पानं घेतली का? चला, वाढा, वाढा. आधी मीठ वाढ, मग कोशिंबीर वाढ." पोरगी चटपटीत. तिने मीठ वाढलं, कोशिंबीर वाढली. तेवढ्यात आई देवघराकडे बोट करून म्हणाली, "बाळ, तो देवापुढचा नारळ वाढव."

पोरीने देवापुढचा नारळ उचलला, शेंडीसकट बाहेर आणला आणि स्वतःच्या वडिलांच्या पानात, कोशिंबीर आणि पापड यांच्या मधोमध अलगद वाढला.

व्याही नारळाकडे बघत राहिले. नारळही शेंडी वर करून त्यांच्याकडे बघत होता. मग अख्खं घर हसलं, आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. एवढं करून थांबलो असतो तर पुढची फजिती निदान निम्मी झाली असती. पण मी खुर्ची पुढे ओढली आणि पोरीला मराठी समजावून सांगायला घेतलं.

"बाळ, वाढणं वेगळं, वाढवणं वेगळं. नारळ वाढवणं म्हणजे फोडणं. आपल्याकडे घरात अशुभ बोलत नाहीत. वास्तू तथास्तु म्हणते ना! म्हणून बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. मंगळसूत्र तुटलं तर ते वाढलं. दुकान बंद करताना जुने दुकानदार म्हणायचे, दुकान वाढवलं. समई विझवत नाहीत, शांत करतात किंवा वाढवतात. निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात."

"म्हणजे काका, जे संपतं त्याला तुम्ही वाढलं म्हणता?"

"अगदी बरोबर."

"मग मुलं वाढवली म्हणजे?"

"ती खरंच वाढवलेली असतात," बायको माझ्याकडे बघत म्हणाली. "नवऱ्याचं मात्र सांगता येत नाही."

मी तिकडे दुर्लक्ष करून आणखी पुढे गेलो. म्हटलं, आपला नारळही गमतीचा आहे. प्रचाराचा नारळ फोडला की काम सुरू आणि हातात नारळ दिला की नोकरी गेली. फळ तेच. पोरगी सगळं मन लावून ऐकत होती. इतका गुणी श्रोता मला घरात कधी मिळाला नव्हता. मी म्हणालो, "मराठीत हा असा घोळ आहे खरा. इंग्रजीत कसं, शब्दाला एक अर्थ. सरळ भाषा."

आणि मी पापलेटाच्या गुंडाळ्या वाढायला सांगितल्या.

पहिला घास घेताना व्याही खिडकीतल्या चिमणीबद्दल बोलत होते. त्यांचे वडील याच भागातल्या गिरणीत साचे खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, तेव्हा व्याही वीस वर्षांचे होते. पुढे ते मस्कतला गेले. "तिथे आमचे शेजारी गुजराती," ते म्हणाले. "त्यांची म्हातारी सुनांना सांगायची, संप राखजो. मी दचकायचो. मग कळलं, त्यांच्यात संप म्हणजे एकी. आमच्याकडे एकी झाली की संप होतो, त्यांच्याकडे संप असला की घर टिकतं." घास चावत त्यांनी पुन्हा चिमणीकडे पाहिलं. "आणि आमचा तो संप संपल्याचं कुणी कधी जाहीरच केलं..."

वाक्य तिथेच थांबलं. आम्हाला वाटलं, गहिवरले. विहीणबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. व्याह्यांनी मान हलवली आणि गळ्याकडे बोट दाखवलं.

"काटा!" आई ओरडली. "कोरड्या भाताचा गोळा द्या! चावू नका, तसाच गिळा!"

दोन गोळ्यांनंतर काटा उतरला. त्यानंतर जेवण न बोलता झालं. प्रत्येक जण घास तोंडात घालायचा आणि जिभेने चाचपत बसायचा. ताटांच्या कडांना काट्यांच्या राशी जमल्या. मुलगा माझ्याकडे बघत नव्हता. विहीणबाई मात्र खानदानी. त्या म्हणाल्या, "मासळी ताजी आहे हो."

केक आला तेव्हा पाहुण्यांच्या हालचालींत सावधपणा दिसत होता. त्यांनी दाण्याएवढा तुकडा मोडून आधी बोटांनी चुरून पाहिला. मी मात्र यजमान. धीर द्यावा म्हणून मोठा तुकडा तोंडात टाकला आणि खजुराच्या बीवर माझ्या डाव्या दाढेची कॅप निघून हातात आली. पिठीसाखरेने माखलेली ती कॅप मी ताटलीत ठेवली, तर आईला तो अक्रोड वाटला.

"काका, खजुराच्या बिया काढल्या नव्हत्या?" पोरीने अगदी हळू विचारलं.

मी पुस्तक आणलं. स्टोन्ड, सीडेड, शेल्ड, बोन्ड, डस्ट अशा ओळी बोटाने दाखवल्या. ती वाचत गेली, तिचे गाल फुगत गेले. पण ती हसली नाही. माझ्या घरात तिच्या नारळाला मी किती हसलो होतो हे तिच्या लक्षात होतं, आणि तिने त्याची परतफेड केली नाही. सून म्हणून मी तिला त्या क्षणी पसंत केलं. तिने मला पसंत करावं असं काही मी अजून केलं नव्हतं.

"स्टोन्ड म्हणजे बिया काढलेला, काका. सीडेडही तेच. बोन्ड म्हणजे काटा काढलेला. स्केल्ड म्हणजे खवले काढलेला. शेल्ड म्हणजे सोललेला."

"मग बटर्ड म्हणजे लोणी काढलेला का नाही?"

ती जरा विचारात पडली. "बहुतेक असं असावं. वस्तूत जे जन्मापासून असतं, ते काढायचं. माशात काटा असतोच, म्हणून बोन म्हणजे काटा काढा. पावाला लोणी जन्मापासून नसतं, म्हणून बटर म्हणजे लोणी लावा."

नियम माझ्या नियमापेक्षा चांगला होता. चाळीस वर्षांत मला तो सुचला नाही, याचं वाईट वाटलं. मी अखेरचा बाण काढला. "आणि डस्ट?"

"डस्ट दोन्ही," ती म्हणाली आणि आता मात्र तिला हसू आवरेना. "टेबल डस्ट केलं की धूळ पुसायची, भांडं डस्ट केलं की पीठ भुरभुरायचं. तुम्ही लोणी पुसलंत?"

"पंचाने," आईने साक्ष दिली. "मी विचारलं तर म्हणे, लिहिलंय."

"पण मग घालायचं की काढायचं ते कळतं कसं गं, बाळ?"

"खाताना कळतं, आजी."

यावर व्याही इतके हसले की गळ्यात उरलेलं काय होतं नव्हतं तेही उतरलं असावं. आईलाही चेव आला. "आमच्यात तरी काय वेगळं आहे?" ती म्हणाली. "तांदूळ निवडायचे म्हणजे नको ते खडे वेचून बाहेर टाकायचे. मतं देऊन माणूस निवडायचा, तोही निवडायचाच. पण तिथे निवडलेला आत जातो. म्हणून तर खडे लागतात." चौऱ्याऐंशी वर्षं जिने तांदूळ निवडले आणि दर निवडणुकीला न चुकता मत दिलं, तिला हे बोलायचा अधिकार आहे.

आता प्रत्येकाला आपापला शब्द आठवू लागला. मुलगा म्हणाला, नाटकाच्या ग्रुपमध्ये स्ट्राइक द सेट म्हणजे सेट उतरवणे. सरांनी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा एकाने नेपथ्यातल्या भिंतीला लाथ घातली होती. तो एक कोण, हे त्याने सांगितलं नाही, पण त्याच्या आईला लगेच कळलं. बायको म्हणाली, "फोडणी बघा ना. फोडण्यातून आली, पण तिच्याशिवाय डाळ होत नाही." काटा काढणं हा शब्द मासळी बाजारात केवढा निष्पाप आणि राजकारणात केवढा भयंकर, तेही निघालं. आणि विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या बीडीडी चाळीचं घ्या. शंभर वर्षांपूर्वी बांधली ती बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी, एकेक खोली १६० चौरस फुटांची. आता तिथे ५०० फुटांचं घर मिळणार म्हणून पाडतायत. विचारलं तर सांगतात, चाळ डेव्हलपमेंटला गेली. बांधली तेव्हा डेव्हलपमेंट आणि पाडली तेव्हाही डेव्हलपमेंटच."

मी आमच्या गिरगावच्या इमारतीचा विचार करत होतो. तिच्या जिन्यावर मी तर्खडकर पाठ केले. ती पाडली त्या दिवशी मी कचेरीत सांगितलं होतं की घर डेव्हलपमेंटला गेलंय, आणि लोकांनी पेढे मागितले होते. तेव्हा मला वाटलं होतं, हा बिल्डरांचा शब्द आहे. आता वाटलं, हा तर आपलाच जुना रिवाज आहे. आम्ही नारळ वाढवतो, बांगडी वाढवतो, समई वाढवतो. तशी ती इमारतही वाढवली. फरक एवढाच की इंग्रजी माणूस शब्द उलटा वापरतो तो आळसाने. 'काढून टाक' असं वेगळं म्हणायचा त्याला कंटाळा येतो. मराठी माणूस तोच उद्योग भीतीने करतो. संपलं म्हणायला त्याचा जीव धजत नाही.

हे मी मोठ्याने बोललो नाही. तोंडात कॅप नव्हती आणि घरात माझ्या व्याख्यानांना मागणीही नव्हती. शिवाय आई म्हणाली असती, शुभ बोल रे नाऱ्या.

चार वाजता व्याह्यांनी तो नारळ हातात घेतला. "याचं करायचं काय? हा अजून वाढवायचा राहिलाय."

"वाढवा की," आई म्हणाली. "आणि सुपारीही आजच फोडून टाका. कशाला लांबवायचं?"

सुपारी फोडली की लग्न ठरलं. फोडून जोडायची ही रीत होणाऱ्या सुनेला कुणी समजावून सांगितली नाही. ती स्वतःच खलबत्ता शोधायला उठली. नारळ तिनेच वाढवला, ओट्याच्या कडेवर, एका घावात. पाणी वाटीत धरलं, थेंब सांडला नाही. दोन भकलं बघून आई म्हणाली, "सरळ फुटला." मग जीभ चावून म्हणाली, "वाढला."

निघताना दारात चपला घालत पोरगी म्हणाली, "आजी, जाते." आईची भुवई वर गेली. पोरीने एक चप्पल हातात धरून विचार केला. "येते," ती म्हणाली. ती खरंच येणार होती, म्हणून ते दोन्ही अर्थांनी बरोबर होतं.

ते गेले. बायको लालबागच्या मसाल्याच्या बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसली. तिचा मसाला जसा हवा तसा झाला होता, कारण तो तिने कुठल्याही भाषेत वाचून केला नव्हता. मी मोरीत बसून केकचं भांडं खरवडत होतो. लोणी पुसलेल्या भांड्याला केक असा बसतो की गवंड्याने धडा घ्यावा.

दार वाजलं. शेजारची पोर, वही घेऊन. "आजोबा, मम्मी म्हणाली अनप्रिपेअर असं कुणी म्हणत नाही. तुम्ही चुकलात."

"मग बरोबर काय म्हणाली?"

"तिला पण येत नाही. ती म्हणाली, आजोबांना मराठीत विचार, त्याचं इंग्रजी आपण करू."

मी हातातल्या तारेच्या घासणीकडे बघत शब्द शोधू लागलो. तयारीच्या उलट काय? मोडणं? निस्तरणं? दोन दिवसांत मी सगळी तयारी केली होती आणि आता तीच निस्तरत बसलो होतो. एका शब्दात काय सांगणार?

आतून आईने हाक मारली, "अरे, आवरलं का तुझं?"

काल सकाळी याच शब्दाने तिने मला बाजाराला पिटाळलं होतं.

"लिही," मी पोरीला म्हणालो. ती पेन्सिल सरसावून बसली. मी आईला ओरडून सांगितलं, "आवरतोय!" आणि पुन्हा भांड्याला लागलो.